असुंताबाईंची वजडी

वजडी साफ करायला किचनमधलं कुणीच तयार होईना.

परळच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातलं ते इटालियन रेस्टॉरंट. तिथला मुख्य शेफ लूका रोमचा. त्याने दोन आठवड्यांसाठी आपल्या सख्ख्या आजीला, ऐंशी वर्षांच्या असुंताबाईंना, रोमहून बोलावून घेतलं होतं. इटालियनमध्ये आजीला नोन्ना म्हणतात. ‘नोन्नाच्या घरचं जेवण’ असा बोर्ड बाहेर लागला होता, आणि रोज दुपारी चाळीस माणसं आगाऊ नाव नोंदवून बाई घरी करतात ते जेवायला येत होती. पहिला आठवडा न्योकीत, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांत, आणि पावट्यासारख्या दाण्यांच्या आमटीत सुखाने गेला. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी त्रिप्पा काढला. त्रिप्पा म्हणजे जनावराचं पोट. तिकडे गाईचं घेतात, इथे बोकडाच्या वजडीवर भागवायचं ठरलं.

माल आला तो काळ्या पिशवीतून, जसाच्या तसा. आत चघळलेल्या गवताचा चोथा, वर काळी साल, आणि वास असा की भांडी घासणाऱ्या बायकांनी पदर नाकाला लावले. दौलत नावाच्या कुकने पिशवीत एकदा डोकावलं आणि हातमोजे काढून ठेवले.

“शेफ, आपल्याच्याने नाय होणार. घरी कळलं तर आई मला देवाजवळ फिरकू देणार नाय.”

असुंताबाईंनाही ते साफ करता येत नव्हतं. त्यांच्याकडे कसायाच्या दुकानात त्रिप्पा पांढराशुभ्र, धुऊन-पुसून मिळतो. “माझी आई करायची,” त्या म्हणाल्या आणि लूकाने इंग्रजीत सांगितलं, “पण मला ती बाहेर पाणी आणायला पाठवायची. मी पाहिलंच नाही.”

संघमित्रा भाजीच्या ओट्यापाशी उभी राहून गाजराचे बारीक चौकोन कापत होती. सव्वीस वर्षांची, हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केलेली, या किचनमध्ये दीड वर्ष झालेली, अजून नावाने फारशी कुणाला माहीत नसलेली. पिशवी उघडली तेव्हा सगळे मागे सरले आणि तिच्या तोंडाला मात्र पाणी सुटलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती खाली मान घालून कापत राहिली.

तो वास तिच्या ओळखीचा होता. वरळीच्या चाळीत रविवारी सकाळी तिची आजी, सुंदराबाई, परात घेऊन मोरीत बसायची आणि दुपारी अख्ख्या मजल्यावर भाजलेल्या खोबऱ्याचा आणि वजडीचा वास पसरायचा. मजल्यावर सगळी बौद्धांची घरं. कुणी नाक मुरडायचं नाही, उलट शेजारणी वाटी घेऊन यायच्या. तिसरीत असताना एका सोमवारी तिच्या डब्यात आदल्या दिवशीची वजडी होती. दादरच्या शाळेत शेजारच्या मुलीने ते खरखरीत, लवदार तुकडे बघून विचारलं, हा टॉवेल कसला खातेस? मग बाईंनी येऊन डबा पाहिला, आणि तिला डबा घेऊन व्हरांड्यात बसायला सांगितलं. बाई रागावल्या नव्हत्या, अगदी गोड बोलल्या होत्या. त्या दिवसापासून संघमित्राच्या आईने, सरोजिनीने, घरात वजडी बंद केली ती कायमची. आता तर चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर घर मिळालं होतं, आणि सरोजिनी सुकट भाजायचीसुद्धा ती खिडक्या लावून.

“शेफ,” संघमित्रा म्हणाली, “मी एका बाईंना ओळखते. त्यांना येतं साफ करायला.”

‘माझ्या आजीला येतं’ असं म्हणायचं होतं. ओठावर आलं ते हे. बोललेलं परत घ्यायचं म्हटलं तर तेव्हा घेता आलं असतं, पण लूका इतका खूश झाला की तिने ते तसंच राहू दिलं.

घरी जाऊन तिने आईच्या नकळत आजीला विचारलं. सुंदराबाई अठ्ठ्याहत्तरच्या. गुडघे गेलेले, पण हात शाबूत. आधी तिला खरंच वाटेना.

“एवढ्या मोठ्या हॉटेलात वजडी? खातं कोण?”

“मोठी माणसं खातात आजी. बुकिंग करून येतात.”

“काय सांगतेस,” सुंदराबाई म्हणाली आणि बराच वेळ नुसती हसत बसली. मग एकदम कामाचं बोलायला लागली. “चुना ताजा बघ. आणि पाणी उकळतं नको म्हणून सांग त्यांना. उकळत्या पाण्यात काळं धरून बसतं, मग सात जन्म निघायचं नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. आजी बुद्धपौर्णिमेला नेसायची ती पांढरी, निळ्या काठांची साडी नेसली होती. केसांना तेल लावून चापून अंबाडा घातला होता.

“आजी, अगं घाण काम आहे. साधी नेस.”

“तुझ्या हापिसात पयल्यांदा येतेय मी,” सुंदराबाई म्हणाली. “वर खोचीन.”

टॅक्सीतून उतरल्यावर आजी गिरणीची चिमणी बघत थोडी थांबली. तिचा नवरा याच गिरणीत सूतखात्यात होता. विणकामात पगार बरा, पण तिथे त्यांच्या जातीच्या माणसांना घेत नसत. मागावरच्या धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि यांचं तोंड लागलेला दोरा बाकीच्यांना चालत नसे. हे आजीने संघमित्राला कितीदा तरी सांगितलं होतं. आज फक्त म्हणाली, “आत कधी आले नव्हते. गेटापर्यंतच यायची डबा घेऊन.”

मागच्या दारापाशी मॅनेजर हितेंद्र उभा होता. त्याने पांढऱ्या साडीतल्या म्हातारीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“या कोण?”

“त्या... साफ करायला येणार होत्या ना सर. ओळखीच्या आहेत. आमच्या एरियातल्या मावशी.”

संघमित्राने आजीकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही. हितेंद्रने रजिस्टर पुढे केलं, हाउसकीपिंगच्या रकान्यात नाव लिहायला लावलं, गळ्यात घालायला एक पिवळं कार्ड दिलं. सुंदराबाईने शांतपणे सही केली. प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकलेली ठसठशीत सही. मग संघमित्राकडे वळून म्हणाली, “कुठं बसू ताई?”

ताई. त्या एका शब्दाने संघमित्राला कळलं की आजीने सगळं ऐकलंय, समजून घेतलंय, आणि नातीचं खोटं सांभाळायलाही लागली आहे.

त्या दिवशीचं सुंदराबाईचं काम बघायला हळूहळू सगळं किचन गोळा झालं. तिने बोट बुडवून पाण्याची ऊब पाहिली, थोडं गार पाणी घालायला लावलं, चुना कालवला, वजडी बुडवली आणि ओठांनी काहीतरी मोजत बसली. मग एक तुकडा उचलून सुरीच्या पाठीने खरवडला. काळी साल भिजलेल्या कागदासारखी निघून आली आणि खाली मधमाशांच्या पोळ्यासारखं पांढरंशुभ्र जाळं दिसलं. असुंताबाई टाळ्या वाजवायच्याच बाकी राहिल्या. त्यांनी स्टूल ओढलं, सुंदराबाईच्या शेजारी बसल्या आणि दुसरी सुरी हातात घेतली.

भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. पण तासाभरात असं झालं की एकीने हात पुढे केला की दुसरी नेमकं तेच भांडं द्यायची. मग असुंताबाईंनी तिला चुलीपाशीही नेलं. कांदा, गाजर, सेलरीच्या दांड्या अगदी बारीक चिरून तेलात परतल्या, त्यात उकडलेली वजडी, पांढरी वाइन, मग टोमॅटो. झाकण ठेवून दोन तास मंद आच. असुंताबाई मोठमोठ्याने बोलत होत्या, लूका मध्ये मध्ये सांगत होता. त्यांचे वडील रोमच्या कत्तलखान्यात कामाला होते. चांगलं मांस मोठ्या लोकांकडे जायचं. शेपटी, काळीज, पोट कामगारांच्या वाट्याला. सात भावंडं त्यावर वाढली.

संघमित्राने ते आजीला मराठीत सांगितलं. ‘अगं’ नाही, ‘अहो’ म्हणत सांगितलं, हितेंद्र जवळच होता.

सुंदराबाईने मान हलवली. “आमच्याकडं पण तसंच व्हतं म्हणावं. गावात मेलेलं ढोर ओढायचं आमच्या आजोबांनी. आन् वाटा हाच.” थोड्या वेळाने म्हणाली, “बाबासाहेबांनी सांगितलं ओढू नका, खाऊ नका. तवापासून मेलेलं सोडलं. पण बाजारातनं इकत आणलेल्या वजडीला कसली लाज? सांग त्यांना.”

संघमित्राने पहिलं अर्धं वाक्य सांगितलं. पुढचं, इंग्रजीत नीट येत नाही म्हणून, सोडून दिलं. येत होतं.

शेवटी असुंताबाईंनी पुदिना तोडून टाकला आणि वरून चीज किसलं. सुंदराबाईने चमचाभर चाखलं, डोळे मिटले. “चिजाला वास मोज्यासारखा येतो,” ती हळूच म्हणाली, “पण वजडी झकास शिजलीय. जरा आलं पायजे व्हतं.” असुंताबाईंनी तिच्या गालाला हात लावला.

दुपारी चाळीस ताटं गेली आणि चाळीस रिकामी परत आली. मेन्यूच्या कार्डावर असुंताबाईंच्या वडिलांची, कत्तलखान्याची आणि सात भावंडांची गोष्ट सुंदर अक्षरात छापलेली होती. लोक ती मोठ्याने एकमेकांना वाचून दाखवत होते. सुंदराबाई तोवर मागच्या दाराने घरी गेली होती.

दोन दिवसांनी परत त्रिप्पा ठेवला आणि सुंदराबाई परत आली. त्याच दिवशी एका मराठी पेपरची दर्शना नावाची बातमीदार आली. तिने असुंताबाईंचे फोटो काढले, लूकाला प्रश्न विचारले, आणि मग किचनमध्ये मराठी मुलगी दिसली म्हणून संघमित्राला बाहेर बोलावलं.

“इटालियन आजीच्या हाताखाली तू शिकतेयस. तुझ्या स्वतःच्या आजीच्या हातचं काय आठवतं तुला?”

प्रश्न साधा होता. दर्शनाने मान तिरकी करून, हसून विचारला होता. हितेंद्र बाजूला उभा होता, लूका उभा होता. व्हरांड्यात बसवणाऱ्या शाळेतल्या त्या बाईही अशाच गोड होत्या.

“उकडीचे मोदक,” संघमित्रा म्हणाली. “गणपतीत आजी करायची. कळ्या अशा नाजूक पाडायची की बघत राहावं.”

दर्शनाने लिहून घेतलं. इतकं सहज गेलं की संघमित्राला स्वतःचंच नवल वाटलं. आत येऊन तिने पाहिलं, तर आजी बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून परात धूत होती. तिच्या कानावर काही गेलं नसणार, असं तिने स्वतःला सांगितलं.

आणि खरंच गेलं नव्हतं. गेलं ते रविवारी, विहारात.

रविवारी सकाळी वरळीच्या विहारात वंदना झाली की म्हाताऱ्या बायका पेपर वाचत बसायच्या. पेपरात अर्ध्या पानावर असुंताबाईंचा फोटो होता आणि खाली कोपऱ्यात संघमित्राचा, पांढरा कोट घातलेला. नलूने, सुंदराबाईच्या चाळीतल्या जुन्या शेजारणीने, तो आधी पाहिला. “सुंदरे, तुझी नात आली बघ पेपरात.” बायका गोळा झाल्या. नलू मोठ्याने वाचायला लागली. वाचता वाचता मोदकांपाशी आली आणि थांबली. तिने चष्मा सारखा करून ती ओळ परत वाचली.

“काय गं सुंदरे,” ती म्हणाली, “कधी बसवलास गणपती?”

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. वाईट मनाने नाही, पण हसल्या. सुंदराबाईचा बाप छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परत आला होता, आणि त्याने घरातले देव स्वतःच्या हाताने खाडीत सोडले होते. दहा वर्षांची सुंदरा त्याच्याबरोबर काठावर उभी होती. हे विहारातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, कारण दर चौदा ऑक्टोबरला सुंदराबाई उभी राहून ते सांगायची.

संघमित्राला हे सगळं दुपारी आईकडून कळलं. सरोजिनी आधी आजीला कामाला नेलं म्हणून चिडली, मग वजडीवरून चिडली, आणि शेवटी मोदकांवर आली. म्हणाली, “मी तुला फक्त वास लपवायला शिकवलं होतं.”

आजी खिडकीपाशी बसली होती. संघमित्रा तिच्यापुढे जमिनीवर बसली. 

“मावशी म्हणालीस ते चाललं मला,” सुंदराबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “कामावर माणूस काय काय म्हणतो. तुझा आजोबा खानावळीत आडनाव बदलून जेवायचा. पण मोदक कशाला गं घातलेस माझ्या तोंडात?”

“चुकलं आजी.”

“दुसरं काय सुचलं नाय? पिठलं म्हणायचंस. भाकरी म्हणायचीस. त्याला कोण नाव ठेवणार व्हतं?”

“मी पेपरवाल्या बाईंना फोन करते. खरं काय ते छापायला सांगते.”

तिने खरोखर केला फोन, तिथेच बसून. सगळं सांगितलं, वजडीचं, आजीचं, कोण कुठल्या आपण तेही. दर्शनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिचा आवाज एकदम उजळला. अगं, ही तर कितीतरी भारी स्टोरी आहे, ती म्हणाली. दोन आज्या एका ओट्यावर. व्हिडिओच करू. आजींना उद्या त्याच साडीत घेऊन ये.

संघमित्राने आजीला विचारलं. सुंदराबाईने नकारार्थी मान हलवली. “परवा लपवायची व्हती, उद्या मिरवायची. मला नाय जमायचं बाय. तुम्ही करा.”

मंगळवारी शेवटचा त्रिप्पा होता. सुंदराबाई आली नाही. संघमित्राने स्वतः चुना कालवला, स्वतः बसली. सकाळभर खरवडून तिची नखं दुखायला लागली, तरी कडेच्या घड्यांमध्ये काळं राहिलंच. असुंताबाईंनी एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला, चार बाजूला काढले आणि लूकाला काहीतरी विचारलं.

“नोन्ना विचारतेय, त्या बाई कुठे आहेत?”

तेव्हा संघमित्राने सांगितलं. ती माझी आजी आहे. मी सगळ्यांशी खोटं बोलले. ती आता येणार नाही. लूका अवघडून गेला, पण त्याने शब्दाला शब्द सांगितला. असुंताबाई सुरी पुसत ऐकत होत्या. हितेंद्र मागेच होता, तोही ऐकत होता.

असुंताबाई थोडक्यात बोलल्या. लूका सांगायला कचरत होता. त्यांनी त्याला कोपराने ढोसलं.

“ती म्हणते,” लूका म्हणाला, “मीसुद्धा शाळेतल्या नन्सना सांगितलं होतं की आमच्या घरी रविवारी कोंबडी असते. पण तेव्हा मी आठ वर्षांची होते.”

मग त्या वळल्या आणि कांदा चिरायला लागल्या. त्यानंतर दिवसभर त्यांनी संघमित्राकडून भांडं मागितलं नाही, दौलतकडून मागितलं. तिसऱ्या दिवशी त्या रोमला परत गेल्या.

हितेंद्रने मात्र त्या दुपारीच तिला बाजूला घेतलं. तिला वाटलं, आता नोकरी जाणार. तो म्हणाला, “आधी सांगायचंस ना. घरचंच माणूस असेल तर बरंच आहे. डिश चाललीय, आपण कार्डावर कायम ठेवतोय. आठवड्यातून दोनदा पाठव आजींना.”

“नाही येणार त्या, सर.”

“मग तू बघ. आता तुलाच येतं.”

असं ते तिच्याकडे आलं. पगार वाढला, नावापुढे एक पद लागलं. कार्डावर ‘नोन्ना असुंताचा त्रिप्पा’ म्हणून आजही मिळतो आणि लोक आवडीने खातात. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी संघमित्रा मागच्या मोरीपाशी परात घेऊन बसते. हात आता बसलाय, काळं राहत नाही. दौलत लांबून विचारतो, “झालं का मॅडम?”

घरी सुंदराबाई तिच्याशी नीट बोलते. चहा विचारते, पंखा लावू का विचारते. कामाचं मात्र विचारत नाही. पूर्वी रोज विचारायची, आज काय शिजवलंस, मीठ कुणी चाखलं, साहेब काय म्हणाला. आता संघमित्रा आपणहून काही सांगायला लागली तर ऐकून घेते आणि मान हलवते, पाहुण्याचं ऐकावं तशी.

गेल्या महिन्यात एका रविवारी सुंदराबाई नलूबरोबर नायगावला गेली. नलूची बहीण तिथल्या चाळीत अजून राहते. संघमित्रा म्हणाली, मी सोडायला येऊ का? नको म्हणाली, टॅक्सी आहे. दुपार उलटल्यावर परत आली ती दमून, पण चेहरा उजळलेला. दारातून आत आली तशी तिच्या पदराला भाजलेल्या खोबऱ्याचा आणि वजडीचा वास आला. सरोजिनीने उठून खिडकी उघडली.

“जेवलीस?” संघमित्राने विचारलं.

“जेवले.”

“काय होतं?”

सुंदराबाईने चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या, भिंतीला धरून सावकाश आत गेली.

“होतं काहीतरी,” ती म्हणाली.